सचोटीचा आलेख निघत नाही

अमेरिकेतल्या एखाद्या किराणा दुकानदाराला गल्ल्यावर बसायला माणूस हवा असेल, तर तो उमेदवाराला पॉलिग्राफच्या खुर्चीत बसवू शकत नाही. १९८८ साली तिथल्या काँग्रेसने तसा कायदा केला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली, आणि मोजके अपवाद सोडता खाजगी मालकांना नोकरीसाठी ही चाचणी घ्यायला बंदी झाली. यंत्र भरवशाचं नाही, त्यापायी निर्दोष माणसांची रोजीरोटी जाते, हे तेव्हा मान्य झालं. मात्र त्याच कायद्याने केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांना सूट दिली. त्यामुळे सीआयए, एनएसए, एफबीआय, सीमा-सुरक्षा दल अशा खात्यांत जाऊ पाहणाऱ्या तरुणाच्या दंडाला आजही पट्टा बांधला जातो, छातीला नळ्या गुंडाळल्या जातात, बोटांना पत्र्या लावल्या जातात, आणि तो खरा की खोटा याचा निकाल आलेखावरून लावला जातो.

न्यायालयाच्या दारात हेच सरकार वेगळं बोलतं. १९९८ साली शेफर नावाच्या एका हवाईदल कर्मचाऱ्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. अमली पदार्थ घेतल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि आपण पॉलिग्राफ उत्तीर्ण झालो आहोत हे त्याला लष्करी न्यायालयापुढे मांडायचं होतं. सरकारने विरोध केला आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं ऐकलं. या यंत्राच्या विश्वासार्हतेबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही, असं निकालात नोंदवलं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात बरोबर बोट ठेवलं: नोकरभरतीत आणि सुरक्षेच्या कामात सरकार ज्या चाचणीवर विसंबतं, तीच आरोपीच्या बाजूने आली की अविश्वसनीय कशी ठरते? या प्रश्नाला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

माझं म्हणणं असं की पॉलिग्राफ सरकारी भरतीत प्रामाणिकपणा तपासत नाही. तो बेडरपणा तपासतो, आणि ज्याचं मन शाबूत आहे त्याला शिक्षा करतो. पण हे सिद्ध करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो मूर्खांचा पक्ष नाही. तो मांडणाऱ्यांत अशी माणसं आहेत ज्यांनी सहकाऱ्यांची गद्दारी पाहिली आहे आणि तिची किंमत मृतदेहांत मोजली आहे.

ते म्हणतात: ज्याच्या हाती देशाची गुपितं आणि बंदूक द्यायची, त्याला चार प्रश्न जास्त विचारले तर बिघडलं कुठे? मेक्सिकोच्या सीमेवर तस्करांच्या टोळ्या आपलीच माणसं भरतीला पाठवतात. त्यावर उपाय म्हणून २०१० सालचा सीमा-भ्रष्टाचारविरोधी कायदा आला आणि सीमा-दलाच्या प्रत्येक उमेदवाराला ही चाचणी सक्तीची झाली. या खुर्चीत बसलेल्या उमेदवारांनी तस्करीपासून गंभीर गुन्ह्यांपर्यंत अनेक गोष्टी स्वतःच्या तोंडाने कबूल केल्या आहेत. साध्या मुलाखतीत त्या कधीच बाहेर आल्या नसत्या. शिवाय हे एकच साधन थोडंच आहे? इतर चौकशी असतेच. आणि नोकरी काही कुणाचा हक्क नव्हे. शंभर निर्दोष परत गेले तरी चालतील, एक फितूर आत येता कामा नये.

आता हे यंत्र नेमकं काय करतं ते पाहू. ते रक्तदाब, नाडी, श्वास आणि त्वचेवरच्या घामाने बदलणारी विद्युतवाहकता नोंदवतं. एवढंच. खोटं बोलताना शरीरात उमटते आणि इतर कशानेही उमटत नाही, अशी कुठलीही खूण शास्त्राला सापडलेली नाही. भीती, लाज, राग, अपमान, आठवण, या सगळ्यांनी तीच रेघ हलते. १९२३ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने फ्राय खटल्यात रक्तदाबावरून खोटं ओळखण्याचा दावा नाकारला, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. त्यामागचा मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन पुढे ‘वंडर वुमन’ या चित्रकथेचा जनक झाला आणि त्या नायिकेच्या हाती त्याने खरं बोलायला लावणारा दोर दिला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली पोलिसांत १९२१ साली पॉलिग्राफ घडवणारा जॉन लार्सन तर आपल्याच शोधाच्या वापरावर उतारवयात उघड टीका करू लागला. यंत्र आता संगणकाला जोडलेलं असतं, आलेख पडद्यावर दिसतो. पण मोजलं जातं ते तेच, आणि त्यातून काढला जाणारा निष्कर्षही त्याच उडीने काढला जातो.

खरी गोम प्रश्नांच्या रचनेत आहे. एक प्रश्न खरा असतो: तू परदेशी हेरखात्याशी संबंध ठेवलास का? त्याच्या शेजारी एक तुलनेचा प्रश्न ठेवतात: तुझ्यावर विश्वास ठेवणाऱ्याशी तू कधी खोटं बोललास का? या दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणार नाही असा मनुष्य जगात विरळा. पण परीक्षक आधीच्या गप्पांत असं वातावरण तयार करतो की ‘हो’ म्हणणारा इथे चालणार नाही, असं उमेदवाराला वाटावं. मग तो अडखळत ‘नाही’ म्हणतो आणि त्याची रेघ हलते. क्षुल्लक प्रश्नावरची रेघ मुख्य प्रश्नाहून जास्त हलली, तर तो प्रामाणिक. मुख्य प्रश्नावरची जास्त हलली, तर तो खोटा. काही खात्यांत उमेदवाराला सरळ सांगतात की या ठरावीक प्रश्नांना मुद्दाम खोटं उत्तर दे. तुलनेचं तर्कशास्त्र तेच राहतं.

या रचनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्याने आयुष्यात थोडं बरंवाईट केलं आणि त्याचा मनावर ओरखडाही उठला नाही, त्याला मुख्य प्रश्नाची धास्ती नसते. ज्याने आयुष्यभर जपून पावलं टाकली, चुकून झालेली गोष्टही परीक्षकाला आपणहून सांगून टाकली, त्याची तुलनेच्या प्रश्नावरची अस्वस्थता तिथेच विरून जाते. पण ‘देशद्रोह’ हा शब्द कानी पडताच त्याच्या छातीत धडधडतं, कारण तो आरोप त्याला सहनच होत नाही. चाचणी नेमकी याच्याविरुद्ध जाते. मिनेसोटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी हा दोष अनेक वर्षं परोपरीने दाखवला. आणि या सगळ्यात परीक्षकाची भूमिका कोणती? तुलनेच्या प्रश्नाचा खरा हेतू तो उमेदवारापासून लपवतो. यंत्र चुकत नाही, असं त्याच्या मनावर ठसवतो; त्यासाठी आरंभी एखादा आकडा लिहायला लावून तो ‘यंत्राने ओळखला’ असा प्रयोगही करून दाखवला जातो. सत्यनिष्ठेची परीक्षा घेणाऱ्या राज्याने उंबरठ्यावरच उमेदवाराची दिशाभूल करायची, हे मला नीतीच्या दृष्टीने मान्य नाही. तो माणूस उद्या त्याच राज्याचा सेवक होणार असतो.

शिवाय ही चाचणी चुकवता येते. तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावली, बुटात बोट दाबलं, मनातल्या मनात उलटी आकडेमोड केली की तिथली रेघ वाढते. हॉन्ट्स, रॅस्किन आणि किर्चर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्ध्या तासाच्या शिकवणीनंतर ‘दोषी’ गटातल्या निम्म्याच्या आसपास लोकांनी चाचणीवर मात केली, आणि अनुभवी परीक्षकांना त्यांच्या युक्त्या बघून ओळखता आल्या नाहीत. हे संशोधक पॉलिग्राफचे शत्रू नव्हते, त्याच क्षेत्रातले होते. सरकारलाही हे ठाऊक आहे. या युक्त्या पैसे घेऊन शिकवणाऱ्या एका माजी पोलिस परीक्षकाला २०१५ साली दोन वर्षांची कैद झाली. आपली गुन्हेगारी लपवायची आहे असं सांगणाऱ्या, सरकारनेच पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकांना त्याने मदत केली, हा त्याचा गुन्हा होता आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण जी चाचणी खोट्याला शिकवणी लावून उत्तीर्ण होता येते, तिच्या भरवशावर खऱ्याला बाहेर काढणं अन्यायाचं आहे.

आणि फितूर? ते तर याच खुर्चीतून उठून कामावर गेले. चिनी हेर लॅरी वू-ताई चिन १९७० साली सीआयएची चाचणी उत्तीर्ण झाला आणि १९८५ पर्यंत पकडला गेला नाही. चेकोस्लोव्हाकियाचा कारेल केहर चाचणी देऊनच सीआयएत शिरला. लष्करी गुप्तचर खात्यातली आना माँटेस क्युबासाठी काम करत असताना १९९४ साली चाचणी उत्तीर्ण झाली. सीआयएतल्या आल्ड्रिच एम्सने १९८५ साली सोव्हिएत संघाला अमेरिकेच्या खबऱ्यांची नावं विकायला सुरुवात केली. त्याने विकलेली निदान दहा माणसं मारली गेली. तो १९८६ साली आणि पुन्हा १९९१ साली या खुर्चीत बसला. पहिल्या खेपेस एका प्रश्नावर रेघ हललीही होती. त्याने हसतखेळत खुलासा दिला आणि परीक्षकाचं समाधान झालं. चाचणीला कसं सामोरं जावं असं त्याने आपल्या रशियन मालकांना विचारलं होतं, तेव्हा सल्ला साधा मिळाला: रात्री नीट झोप घे, परीक्षकाशी मैत्रीने वाग. यंत्राच्या समर्थकांनी या एका प्रकरणाचा विचार करावा. चाचणीमुळे एम्स पकडला गेला नाही एवढंच नुकसान झालं नाही. उत्तीर्ण झाल्याचा शिक्का असल्यामुळे त्याच्यावर संशय घेणाऱ्यांचे हात बांधले गेले.

कबुलीजबाबाच्या मुद्द्याला मी सहज उडवून लावणार नाही. लोक खुर्चीत बसून खरोखर गुन्हे कबूल करतात. त्यातले काही गुन्हे असे असतात की तो माणूस गणवेशात येऊ नये हेच बरं. पण कबुली देतो तो माणूस, आलेख नव्हे. ती येते भीतीपोटी, आणि ती भीती यंत्र सर्वज्ञ आहे या गैरसमजावर उभी असते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ साली आपल्या कार्यालयात हेच बोलून दाखवलं आणि ते ध्वनिफितीवर राहिलं: यंत्र किती अचूक आहे हे मला माहीत नाही, पण लोक त्याला घाबरतात हे माहीत आहे, असा त्याचा आशय होता. भीतीचा हा धंदा जितका जास्त चालेल तितका गैरसमज विरत जाणार, कारण चाचणीचं सगळं तंत्र पुस्तकांत छापलेलं आहे. आणि दरम्यान कबुली कोण देतो? ज्याला लपवणं जड जातं तो. मुरलेला माणूस गप्प बसतो. कबुली मिळाली तर तिची शहानिशा करून तिच्यावरून उमेदवाराला नाकारावं, माझी हरकत नाही. पण काहीही कबूल न केलेल्या, काहीही सिद्ध न झालेल्या माणसाला केवळ रेघेवरून घरी पाठवायचं, याचं समर्थन दुसऱ्या कुणाच्या कबुलीने कसं होईल?

‘हे अनेक साधनांपैकी एक’ हाही दावा व्यवहारात टिकत नाही. सीमा-दलाची आकडेवारी बघा. जानेवारी २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेसने दिलेल्या बातमीनुसार या दलाचे सुमारे दोन-तृतीयांश उमेदवार पॉलिग्राफमध्ये गळत होते. इतर ज्या पोलिस यंत्रणांनी त्या वृत्तसंस्थेला आकडे दिले, त्यांच्या सरासरीच्या हे दुपटीहून जास्त. दलाचे अधिकारी म्हणाले, आमच्याकडे येणारेच तसे असतात, आमचे निकष कडक आहेत. असेल. पण त्याच तऱ्हेची माणसं, तेच यंत्र, आणि निकालात दुपटीचा फरक पडत असेल, तर मोजमाप उमेदवाराच्या सचोटीचं होतंय की परीक्षकाच्या सवयीचं, हा प्रश्न विचारावाच लागतो. गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड केली: मुलाखतीतच अपात्र ठरवणारी कबुली दिलेल्या उमेदवारांच्या २,३०० हून अधिक चाचण्या तरीही घेतल्या गेल्या आणि त्यावर सुमारे ५१ लाख डॉलर खर्च झाले. साधनांपैकी एक असलेलं साधन असं वापरलं जात नाही. विधीसारखं, झालंच पाहिजे म्हणून, असं ते वापरलं जातं.

शंभर निर्दोष विरुद्ध एक फितूर या हिशेबाला उत्तर हिशेबानेच दिलेलं बरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. समितीचे अध्यक्ष स्टीफन फिनबर्ग हे नामवंत संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी असं धरलं की १०,००० कर्मचारी आहेत आणि त्यांत १० हेर आहेत. यंत्राला प्रत्यक्षाहून झुकतं माप दिलं. चाचणी कडक ठेवली तर १० पैकी ८ हेर सापडतात, पण त्यांच्याबरोबर १,५९८ निर्दोष माणसं दोषी ठरतात, आणि २ हेर उत्तीर्ण होतात. चाचणी सौम्य ठेवली तर फक्त ३९ निर्दोष अडकतात, पण ८ हेर सहीसलामत सुटतात. या दोहोंपैकी कुठलाही पर्याय घ्या. एकही फितूर आत येणार नाही, हे आश्वासन यंत्र देऊच शकत नाही. आता कुणी म्हणेल, हा हिशेब कामावर असलेल्यांचा, उमेदवारांचा नव्हे. उमेदवारांत खोटं बोलणारे जास्त असतील. खरं आहे. पण भरतीत यंत्राकडून आणखी अवघड काम मागितलं जातं. तिथे घडलेल्या एका ठरावीक कृत्याचा शोध नसतो. गेल्या आयुष्याबद्दलच्या ढोबळ प्रश्नांवरून हा माणूस पुढे कसा वागेल, याचं भाकीत करायचं असतं. त्याला आधार आणखी तोकडा, हेही याच अहवालाने नोंदवलं आहे.

नोकरी हा हक्क नाही, मान्य. न्याय्य वागणूक हा मात्र हक्क आहे. १९८५ च्या अखेरीस रेगन यांनी गुपितं हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना पॉलिग्राफ देण्याचा आदेश काढला, तेव्हा परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी जाहीर सांगितलं की माझ्यावर विश्वास नाही असं ज्या क्षणी मला कळेल त्या दिवशी मी पद सोडेन. आदेश लगोलग सौम्य झाला. शुल्ट्झ यांनी दाखवलेला बाणा योग्यच होता, पण तो दाखवण्याची सोय बावीस वर्षांच्या उमेदवाराला नाही. तो संमतीपत्रावर सही करतो, कारण सही न करणं म्हणजे नोकरी सोडणं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सक्तीच्या पॉलिग्राफला घटनाबाह्य ठरवलं आणि स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निकालसुद्धा थेट पुरावा म्हणून घेता येणार नाही असं म्हटलं. तो निकाल फौजदारी तपासाविषयी आहे, भरतीविषयी नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यामागचा विचार, की माणसाच्या मनात शिरून त्याच्याच शरीराला त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं करू नये, भरतीच्या खोलीच्या दारात येऊन थांबत नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढलेल्या मराठी घरातल्या मुलीने अशा खात्यात अर्ज केला, तर परदेशी संबंधांच्या प्रश्नावर तिला पुण्याचे काका, नाशिकची आजी आणि रोजच्या फोनवर बोलणारी मावसभावंडं आठवणारच. तिची रेघ हलली तर तिचा दोष कोणता?

मग सचोटी ओळखायची तरी कशी? ओळखता येते, आणि ती ओळखल्याशिवाय सरकारी नोकरी देऊ नये, या मताचा मी पक्का आहे. सचोटी म्हणजे एका दुपारची शरीराची अवस्था नव्हे. ती अनेक वर्षांत, अनेक लोकांशी, पैशांच्या आणि शब्दांच्या व्यवहारात दिसलेली वागणूक असते. म्हणून ती कागदांत, हिशेबांत आणि माणसांच्या आठवणीत शोधावी लागते. एम्स अखेर असाच सापडला. सीआयएतल्या सँडी ग्राइम्स आणि जीन व्हर्टफे यांनी त्याच्या रोजच्या कामाचा तारीखवार तपशील मांडला. एका सोव्हिएत अधिकाऱ्याबरोबर जेवण झाल्याची नोंद आणि त्यानंतर एम्सच्या बँक खात्यात भरलेली मोठी रोख रक्कम, या तारखा पुन:पुन्हा जुळताना ग्राइम्स यांना १९९२ साली दिसल्या. वर्षाला ७०,००० डॉलरहून कमी पगार असलेल्या माणसाने ५,४०,००० डॉलरचं घर रोखीने घेतलं होतं, जॅग्वार गाडी बाळगली होती. हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याला अटक झाली.

एफबीआयमधला फितूर रॉबर्ट हॅन्सन याचं प्रकरण पूर्वपक्ष नेहमी पुढे करतो: तिथल्या पंचवीस वर्षांत त्याची एकदाही पॉलिग्राफ चाचणी झाली नाही, झाली असती तर सापडला असता. एम्सकडे पाहता हे ठामपणे कसं म्हणावं? आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हॅन्सनच्या घरात रोकड सापडल्याचं त्याच्या मेहुण्याने, जो स्वतः एफबीआयमध्येच होता, १९९० साली वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. कुणी पुढे काही केलं नाही. हॅन्सन आणखी दहा वर्षं मोकळा राहिला. तिथे उणीव यंत्राची नव्हती. एका माणसाने धैर्याने सांगितलेलं ऐकून घेण्याची होती.

काँग्रेसनेही आडवळणाने हे मान्य केलं आहे. २०१६ च्या अखेरीस झालेल्या तरतुदीनुसार, सर्वोच्च दर्जाची गोपनीयता-परवानगी आणि अलीकडची सखोल चौकशी ज्यांच्या नावावर आहे अशा माजी सैनिकांना सीमा-दलाच्या पॉलिग्राफमधून सूट देता येते. म्हणजे तपासून घेतलेलं आयुष्य यंत्राची जागा घेऊ शकतं. जे माजी सैनिकाच्या बाबतीत चालतं, ते इतरांच्या बाबतीतही चालवावं. उमेदवाराचा चौकशी-अर्ज शंभराहून अधिक पानांचा असतो आणि त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तो अर्ज ओळीनओळ तपासावा. शेजारी, जुने मालक, शिक्षक यांना प्रत्यक्ष जाऊन भेटावं. कर्ज आणि मालमत्ता नोकरीच्या आरंभीच नव्हे तर नोकरीभर बघत राहावं. नाकारायचं तर कारण लेखी द्यावं आणि त्या कारणाला उत्तर द्यायची संधी द्यावी. आलेख हे कारण असू नये.

शेवटचा आक्षेप असा येतो की चौकशीतही लबाडी होते. होते. सरकारसाठी चौकशीचं काम करणाऱ्या यूएसआयएस या कंपनीने २००८ ते २०१२ या काळात निदान ६,६५,००० प्रकरणं पूर्ण न तपासताच पूर्ण झाल्याचं दाखवून पुढे सरकवली, असा आरोप अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१४ साली दाव्यात केला. भयंकर आकडा आहे. पण तो आकडा काढता आला, कारण प्रत्येक चौकशीला फाइल असते, फाइलवर तारीख असते, तारखेखाली जबाबदार माणसाचं नाव असतं. कंपनीच्या आतल्या एका कर्मचाऱ्याने ते उघड केलं, सरकारने कंपनीला न्यायालयात खेचलं, २०१५ च्या तडजोडीत तिला निदान ३ कोटी डॉलरवर पाणी सोडावं लागलं. पॉलिग्राफच्या खोलीतून चुकीने परत पाठवलेल्या प्रामाणिक उमेदवारांची संख्या अशी कुणी काढून दाखवावी. ती निघत नाही, कारण रेघ चुकली हे सिद्ध करायला त्या खोलीत दुसरा कुठलाच पुरावा ठेवलेला नसतो. ज्या निर्णयाची चूक शोधता येत नाही, तो निर्णय अमेरिकेने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या खात्यांच्या दारावरून काढून टाकावा, आणि त्यावरचा पैसा घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या, आपल्या नावाने सही करणाऱ्या तपासनिसांच्या पगारावर खर्च करावा.